सुई, पिस्तूल आणि माझा हात

मैत्रिणींनो, शाळेत शिवणाच्या तासाला सिस्टर यायच्या आत तुम्ही सगळ्या आपापल्या सुया माझ्यापुढे धरायच्या आणि मी भराभर ओवून द्यायची, आठवतंय?

हल्ली तोच हात थरथरतो. म्हणून तर गेल्या आठवड्यात इथे ग्रुपवर लिहिलं, की भरतकाम बंद, सामान वाटून टाकते.

आज आमची ईशा मला शारजाहून दुबईच्या शूटिंग रेंजवर घेऊन गेली. "मम्मा, जस्ट ट्राय!"

पहिलं पिस्तूल माझ्या मुठीत मावेना. मग कोचने छोटं, कमी धक्क्याचं निवडून दिलं. दोन्ही हातांनी धरून पाच गोळ्या झाडल्या. समोरच्या कागदी निशाणाच्या मधल्या काळ्या वर्तुळात एकही नाही, सगळ्या खाली डावीकडे!

"बघ, थरथरला ना हात," मी ईशाला म्हटलं.

कोच हसला. "आंटी, हाथ हिलता तो गोलियाँ बिखर जातीं. ये तो सब एक ही जगह लगी हैं. बस, साइट घुमानी पड़ेगी."

नेम धरायच्या मागच्या पट्टीचे स्क्रू त्याने जरासे फिरवले. "यल्ला आंटी, फिर से!"

या वेळी एक सोडून सगळ्या काळ्यात. ईशाने मिठीच मारली.

घरी आल्याआल्या मनगट टेबलावर टेकवून सुई ओवली. दोन-तीनदा हुकली, पण दोरा गेला.

तेव्हा वाटणी बदलली आहे. शैला, मोठी फ्रेम आता तुला मिळणार नाही. रेशमाचे दोरे माझ्याकडेच राहतील. रेखा, लोकर तू खुशाल ने, विणकाम मला कधीच आवडलं नाही. भोकं पडलेला कागद ईशाचा. आणि तुमच्यापैकी ज्यांना दिसेनासं झालंय, त्यांना डिसेंबरात मी तिकडे आले की ओवलेल्या सुया.