तळमजल्यावरचं घर

शेवटच्या संध्याकाळी आम्ही नवरा-बायको जवळा निवडत बसलो होतो. मी चौथी शिकलेला, म्हणून पवित्र शास्त्रातल्या, बायबलातल्या गोष्टी तीच सांगायची. त्या दिवशी राजाच्या पोराची सांगितली. आपली गादी दोस्ताला जाणार हे ठाऊक असून त्यानं दोस्ताचा जीव वाचवला.

"येडाच होता," मी म्हणालो.

"तुला काय कळणार रे! त्याला गादीपेक्षा दोस्त मोठा."

तिनं ते करून दाखवलेलं होतं. कांदिवलीची आमची चाळ पाडून बिल्डिंग झाली, तेव्हा चिठ्ठीत आम्हाला तळमजला निघाला आणि तिच्या मालवणी मैत्रिणीला चौथा. मैत्रिणीचे गुडघे गेलेले, लिफ्ट कायम बंद. हिनं घरं बदलून घेतली, वर तिला सांगितलं, "मला वरचा वारा पायजे गं." अशी माझी बायको. छाती फुगवून सांगतो.

त्याच रात्री ती झोपेत गेली.

सकाळी शवपेटी आली. भाऊबंद म्हणाले, मयत स्वतःच्याच घरात ठेवायची, तशी रीत आहे.

"आणि मैत्रीण चार जिने चढणार काय? उचला," मी म्हणालो.

मैत्रिणीनं दार उघडंच ठेवलं होतं. पेटी तिच्या घरात ठेवली. ती उशाशी बसली, आणि चर्चला निघेपर्यंत मी कुणाला तिला उठवू दिलं नाही.