लघवीचा रिपोर्ट गल्लीभर

अख्ख्या कोल्हापुरात गुपित ठेवायला सगळ्यांत नालायक माणूस कोण, असं कुणी विचारलं तर मी डोळे झाकून आमच्या लॅबवाल्या चाचांचं नाव घेईन. नव्वदच्या दशकात मंगळवार पेठेतल्या एका लहानशा लॅबमध्ये ते लघवीतले जंतू वाढवून त्यांना कोणतं औषध मारतं ते बघायचे. रिपोर्टला तीन दिवस लागत. तोवर दोन गोळ्यांनी जळजळ थांबलेली असे आणि रिपोर्ट न्यायला कुणी फिरकत नसे. चाचांना हे सोसवायचं नाही. सायकल काढून ते घरोघरी जात आणि गल्लीच्या तोंडापासूनच सुरू करत, "काकी, लघवीत जंतू हायत की! गोळ्या मधीच बंद करू नगासा!" आमच्या शेजारच्या काकी त्यानंतर महिनाभर नळावर आल्या नाहीत. कुणी लोणच्याच्या बरणीतून नमुना आणला की चाचा तो बरणीसकट परत पाठवत. "तपासू काय, लघवी का कैरी?"

माझ्या आत्तीला पंधरा वर्षं मधुमेह. वरचेवर जळजळ व्हायची, पण लाजेपायी ती डॉक्टरकडे जायची नाही. डब्यातल्या उरलेल्या दोन गोळ्या घ्यायची, की झालं. एकदा मात्र थंडी वाजून ताप चढला, पाठ धरली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, किडनीपर्यंत गेलंय. चालू केलेलं औषध लागू पडेना. आम्ही पार घाबरून गेलो. आत्तीची लघवी चाचांकडे तपासायला दिली होती. तिसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये धावलो, तर चाचा काचेची ताटली उजेडाला धरून घामाघूम झालेले. ताटलीत जंतूंचा थर, त्यावर औषधांच्या कागदी टिकल्या. जिच्याभोवती जंतू मरून स्वच्छ गोल पडेल, ते औषध खरं. "ही गेली! ही बी गेली! दोन-दोन गोळ्या खाऊन आक्कानं ह्या जंतास्नी तालमीतच घातलंय की!"

शेवटच्या टिकलीभोवती रुपयाएवढा गोल होता. चाचा सायकल विसरून दवाखान्याकडे पळत सुटले, मी मागोमाग. "घावलं! आक्काचं इंजेक्शन घावलं!" काय घावलं ते न कळताच वाटेतली चार माणसंही आमच्याबरोबर पळू लागली.

आत्ती वाचली. घरी आल्यावर लघवी पुन्हा तपासली. तो रिपोर्ट घेऊन चाचा आले तेव्हा गल्लीत चिटपाखरालाही पत्ता लागला नाही. ते आत येऊन बसले, हळूच म्हणाले, "आक्का, काय बी न्हाय निघालं," आणि लहान पोरासारखे रडू लागले.

आत्तीनं पदरानं डोळे पुसले. "मग जरा मोठ्यांदा बोला की चाचा! गल्लीला बी कळू दे."