हजर: कोणी नाही

आमच्या कुराबिनच्या स्काऊट हॉलला रस्त्याच्या बाजूने दार नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर परगावचा माणूस भिंत चाचपत बसतो. १९५६ साली गावातल्या पुरुषमंडळींनी शनिवार-रविवार श्रमदान करून हा हॉल उभा केला. भिंतीवाल्यांना वाटलं, दाराचं छपरावाले बघतील. छपरावाल्यांना वाटलं, दार म्हणजे भिंतीवाल्यांचं काम. शेवटचा पत्रा ठोकून मंडळी खाली उतरली, बिअरच्या बाटल्या घेऊन आत जायला निघाली, तर जाणार कुठून? मग मागच्या अंगाला, शेजारच्या बाउल्स क्लबाच्या, म्हणजे गवतावर गोळे घरंगळवायचा खेळ खेळणाऱ्यांच्या, हिरवळीकडे तोंड करून भिंतीला भगदाड पाडलं आणि त्याला चौकट बसवली. तेव्हापासून हॉल गावाकडे पाठ करून उभा आहे. परवाच्या पुस्तिकेत याला 'वैशिष्ट्यपूर्ण रचना' म्हटलंय. म्हणोत बापडे.

दार नाही हे पहिल्यांदा लक्षात आलं होतं ते मर्लच्या. तेव्हा ती पंधरा वर्षांची, हातात चहाची किटली. आदल्याच शनिवारी तिने बापाला विचारलं होतं, दार कुठाय म्हणून. बाप म्हणाला, मोठी माणसं काम करत असताना मध्येमध्ये बोलू नये. ती गप्प बसली आणि चहा ओतत राहिली. पुढची सासष्ट वर्षं तिने साधारण हेच केलं.

तिला काय हवं होतं म्हणाल, तर स्काऊट व्हायचं होतं. बस, एवढंच. रस्त्याच्या बाजूला दार नसलं तरी खिडकी होती आणि त्या खिडकीतून तिने गुरुवारची सभा वर्षानुवर्षं पाहिली. झेंड्याची घडी कशी घालायची, ती दोरीने अशी कशी गुंडाळायची की खांबावर चढेपर्यंत गाठोडं राहील आणि खालून एक हिसडा दिला की फडकन उघडेल, हे ती तिथेच शिकली. आत शिकणाऱ्या पोरांना ते कधी नीट जमलं नाही. त्यांचा झेंडा एकतर वर जाऊन गाठोडंच राहायचा किंवा उलटा उघडायचा. ही बाहेर उभी राहून कपाळाला हात लावायची.

पुढे तिने लग्न केलं ते क्लॅरी हॉकिंगशी. क्लॅरी गावच्या स्काऊटांचा मास्तर. आता त्याच्याशी लग्न केलं म्हणून हॉलशी नातं जडलं, की हॉलशी नातं जडावं म्हणून त्याच्याशी लग्न केलं, हे आमच्याकडे कोणी तिला विचारलं नाही. क्लॅरी माणूस देवमाणूस, पण झेंड्याच्या बाबतीत ढ. त्यामुळे दर गुरुवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मर्ल झेंड्याचं गाठोडं बांधून द्यायची आणि संध्याकाळी क्लॅरी पोरांकडून हिसडा मारून घ्यायचा. झेंडा फडकला की आलेले पालक क्लॅरीची पाठ थोपटायचे. रुमाल इस्त्री करणं, कॅम्पला निघालेल्या पोरांच्या पिशव्यांत चोरून बिस्किटं कोंबणं, हॉल झाडणं, संडास धुणं, हे तर धरलेलंच होतं. त्याला कोण काम म्हणतं?

नाव नोंदवायचं तिने तीनदा विचारलं. पहिल्यांदा सांगण्यात आलं की बायकांना घेत नाहीत. दुसऱ्यांदा, वीसएक वर्षांनी, नियम बदलला होता. तेव्हा जिल्ह्याचे साहेब येऊन तिला शपथ देणार होते, पण साहेबांची गाडी चिखलात रुतली आणि साहेब परस्पर माघारी गेले. पुढच्या वर्षी बघू म्हणाले. ते पुढचं वर्ष काही उजाडलं नाही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा कीथ लेडलॉ हॉलच्या कमिटीचा अध्यक्ष झाला होता. हाच कीथ लहानपणी तिच्या हातची बिस्किटं खाऊन स्काऊट झालेला. तो हसून म्हणाला, "मावशी, आता या वयात कुठे गुडघे मोडून घेतेस?" आणि त्याने तिचा हात हातात घेतला. उजवा. स्काऊट एकमेकांशी डावा हात मिळवतात. उजवा बाकीच्या जगासाठी. मर्लला आयुष्यभर सगळ्यांनी अगदी प्रेमाने उजवा हात दिला.

क्लॅरी गेला. गावातली पोरंही कमी होत गेली. १९९९ साली उरलेले दोन स्काऊट, डन्फी बंधू, आईबापांबरोबर डबो शहरात राहायला गेले आणि विषय संपला. म्हणजे संपायला हवा होता. पण हॉल बंद करायचा तर कमिटीची सभा भरवायला हवी, आणि सभेला कमिटीतला एकही जण यायला तयार नव्हता. त्यामुळे हॉल रीतसर बंद काही झाला नाही. किल्ल्या मर्लकडे होत्या, त्या तिच्याकडेच राहिल्या.

आणि मर्लने काय केलं? पुढच्या गुरुवारी साडेपाचला जाऊन हॉल उघडला. झाडून काढला. गाठोडं बांधलं, वर चढवलं, हिसडा दिला. झेंडा फडकला. पाऊण तास ती खुर्ची टाकून बसली, मग झेंडा उतरवून घडी घातली आणि क्लॅरीच्या टेबलावरच्या नोंदवहीत लिहिलं: "झेंडा वर, झेंडा खाली. हजर: कोणी नाही."

असं तिने तेवीस वर्षं केलं. पन्नास अंशांत पत्रे तापले तरी केलं, नदी पार शाळेपर्यंत आली तेव्हा गमबूट घालून केलं. अकराशेच्या वर गुरुवार. "हजर: कोणी नाही." स्वतःला तिने कधी मोजलं नाही. स्काऊटांच्या वहीत हजेरी स्काऊटांची लिहायची असते आणि ती स्काऊट नव्हती. इतका साधा हिशेब होता. शेजारच्या हिरवळीवर पांढऱ्या टोप्या घालून गोळे घरंगळवणारी बाउल्स क्लबाची मंडळी तिला हात करायची. गावात तिला कोणी वेडी म्हणत नसे, कारण म्हणायला आधी तिकडे बघावं लागलं असतं.

मग कीथने इतिहास लिहिला.

हॉलला पासष्ट वर्षं उलटून गेली म्हणून रंगीत पुस्तिका काढली. कीथचे स्वतःचे फोटो सहा. मर्लचा उल्लेख एका ओळीत, तोही नाव न घेता: 'चहापान: महिलावर्ग.' आणि शेवटच्या पानावर, नुसती शोभा म्हणून, म्हाताऱ्या टॅलबटने जागा दिली तेव्हाचा कागद अक्षरन् अक्षर छापला. टॅलबट हा मोठा जमीनदार, आळशी माणसाचा त्याला भारी तिटकारा. त्याने कागदात अट घातली होती की या जागेवर दर आठवड्याला स्काऊटांची सभा भरली पाहिजे. सलग वर्षभर भरली नाही, तर जागा शेजारच्या बाउल्स क्लबाची. हा कागद हॉलच्या भिंतीवर चौकटीत टांगलेलाच होता. त्याच्यावरची धूळ मर्ल दर गुरुवारी पुसायची आणि मजकूरही वाचायची. बाकी कोणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

कुराबिनमध्ये ती पुस्तिका प्रत्येक घरात गेली. शेवटपर्यंत वाचली एकाच बाईने, बाउल्स क्लबाच्या अध्यक्ष डोरीन पिकेट यांनी. डबोला दाताच्या डॉक्टरकडे दोन तास ताटकळत बसावं लागलं आणि पिशवीत दुसरं काही वाचायला नव्हतं म्हणून. क्लबाला गाड्या लावायला जागा कमी पडतच होती. पंधरा दिवसांत वकिलाचं पत्र आलं: येत्या गुरुवारी संध्याकाळी हॉलमध्ये भेटू, नोंदवही दाखवा.

झालं. ज्यांनी वीस वर्षांत हॉलच्या दिशेने मान वळवली नव्हती, त्यांना अचानक वारसा आठवला. खाटकाच्या दुकानात, पोस्टात, पबमध्ये एकच चर्चा, आपला हॉल, आपला हॉल. आणि बुधवारी सकाळी कीथ मर्लच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. आधी तिने हॉलमधून आणून ठेवलेली वही मागून घेऊन चाळली आणि त्याचा चेहरा पडला.

"मावशी, अगं निदान 'एक' तरी लिहायचंस. तू होतीस ना तिथे?"

"मी स्काऊट कुठे होते, कीथ?"

कीथ तयारीने आला होता. त्याने खिशातून एक फॉर्म काढला, जुना, पिवळा पडलेला, त्या काळचाच. श्रीमती मर्ल हॉकिंग, स्काऊट मास्तर, नेमणूक १९९९. खाली अध्यक्ष म्हणून कीथची सही, शाई अजून ताजी. त्याने समजावून सांगितलं की तिने एक सही ठोकली की झालं. मग अकराशे गुरुवार एक स्काऊट हॉलमध्ये हजर होता असं धरता येतं. 'कोणी नाही' म्हणजे पोरं कोणी नाहीत, असा अर्थ लावू. हॉल वाचला. शिवाय तुझी इतक्या वर्षांची हौसही भागली.

आणि त्याने डावा हात पुढे केला.

खरं सांगायचं तर मर्लच्या डोळ्यांत पाणी आलं. तो हात तिला हवा होता. पंधराव्या वर्षापासून हवा होता, तसा दुसरा कुठलाच हवा नव्हता, आणि आता तो समोर टेबलावर होता, साखरेच्या डब्याशेजारी. तिने चष्मा लावून फॉर्म वाचायला घेतला. खाली स्काऊटचे नियम छापलेले होते. पहिलाच नियम असा की स्काऊटच्या शब्दावर विश्वास ठेवता येतो. खिडकीतून तिने तो पोरांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकला होता. तिला तो पाठ होता, कीथला नसावा.

"आजची तारीख घाल," ती म्हणाली. "आजपासून घे मला. आत्ता सही करते."

कीथ ओशाळला. "आजची घालून काय उपयोग, मावशी?"

"काहीच नाही?"

"हॉलच्या दृष्टीने... काहीच नाही."

मर्लने मान हलवली. पुढे केलेल्या त्या हातात तिने चहाचा मग ठेवला. कीथला वाटलं, म्हातारी विचार करतेय. चहा पिऊन, बिस्किटं खाऊन तो गेला आणि फॉर्म टेबलावर ठेवून गेला.

गुरुवारी हॉल गच्च भरला. इतकी माणसं तिथे दार विसरले त्या दिवसानंतर जमली नव्हती. निम्मे जण रस्त्याच्या बाजूने दार शोधत फिरले. वकिलाने अगदी अदबीने मर्लला विचारलं की १९९९नंतर या ठिकाणी स्काऊटांची सभा भरली का. कीथ पुढच्या खुर्चीवर बसून तिच्याकडे आशेने बघत होता. फॉर्म तिच्या पर्समध्ये होता, कोरा. म्हणजे कीथची सही होती, तिची नव्हती.

"नाही," मर्ल म्हणाली.

गाव भडकलं. भडकणारच. खाटकाने तिच्याकडे न बघता मटण बांधून दिलं. एकाने तोंडावर सुनावलं की गावाचा वारसा विकलास. हा तोच, ज्याने आयुष्यात त्या हॉलमध्ये झाडू हातात धरला नाही. कीथ तर म्हणत फिरला की बाईने ऐन वेळी दगा दिला, तरी मी सांगत होतो, असल्या कामात बाहेरची माणसं नकोत. बाहेरची. संडास कोण धुत होतं रे, कीथ? पण हे त्याला तोंडावर विचारायची आमचीही छाती झाली नाही. आम्ही सगळे मूग गिळून बसलो. यात मीही आलो.

तिच्याशी माणसासारखी वागली ती एकटी डोरीन पिकेट. घरी येऊन म्हणाली, महिनाअखेरपर्यंत किल्ल्या तुमच्याकडेच राहू देत, आणि बाउल्स खेळायला या, आज नाव घातलं की उद्यापासून मेंबर. मर्लला हसू आलं. तिकडे सासष्ट वर्षांत जमलं नाही, इकडे एका दुपारीत जमत होतं.

शेवटच्या गुरुवारी ती साडेपाचला गेली. हॉल झाडला. क्लबाच्या गाड्यांसाठी उद्या ज्याचे पत्रे उतरायचे तो हॉल कोपऱ्यांसकट झाडला, संडासही धुतला. गाठोडं बांधायला बोटं आता वळत नव्हती, दोनदा सुटलं, तिसऱ्यांदा बसलं. वर गेलं. हिसडा दिला आणि झेंडा फडकला, सुलटा. उघड्या दारातून ते दिसलं आणि समोरच्या हिरवळीवर खेळ थांबला. कोणी सांगितलं नव्हतं, पण पांढऱ्या टोप्या एकेक करून खाली आल्या.

पाऊण तासाने झेंडा उतरवून ती क्लॅरीच्या टेबलाशी बसली. पर्समधून कीथचा फॉर्म काढला, त्यावरचा पहिला नियम पुन्हा एकदा वाचला आणि कागद फाडून केराच्या डब्यात टाकला. मग वही उघडली. "झेंडा वर, झेंडा खाली. हजर:" इथपर्यंत हात सवयीने चालला आणि थांबला. तिने हॉलभर नजर फिरवली. भिंत, खिडकी, रिकाम्या खुर्च्या.

"एक," तिने लिहिलं.

शाई वाळेपर्यंत ती बसून राहिली. मग दार ओढून घेऊन कुलूप लावलं.