दोन पातेल्यांचा भोंगा

ही हकिकत मी इतकी वर्षं टाळत आलो. मुलाने विचारलं तेव्हा विषय बदलला. बिल्डिंगमधली जुनी माणसं कुठे लग्नात भेटली आणि त्यांनीच सुरू केलं, तर पाणी प्यायच्या निमित्ताने उठलो. त्यांच्या सांगण्यात मी बिल्डिंगमधली माणसं वाचवणारा माणूस आहे. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं मला एकट्याला माहीत आहे, आणि ज्याला ते सांगायचं होतं तो आता नाही. म्हणून लिहून ठेवतो.

आमची बिल्डिंग भिवंडीत, लूमच्या कारखान्याला पाठ लावून उभी होती. तीन मजले, पुढे कॉमन गॅलरी, मध्ये एकच जिना. भिंतीपलीकडे माग चालायचे आणि त्यांची थरथर आमच्या भांड्यांच्या फळीपर्यंत यायची. महापालिकेची माणसं बिल्डिंग धोकादायक असल्याची नोटीस जिन्याच्या तोंडाशी चिकटवून गेली, तरी कोणी हललं नाही. जागा सोडली तर ही पाडून होणाऱ्या नव्या बिल्डिंगमधला हक्क गेला, असं सगळ्यांनी धरलेलं. राहिलो तर स्लॅब अंगावर येईल, गेलो तर जागा जाईल. या दोन भीतींच्या मध्ये आम्ही रोज आमटी फोडणीला टाकत होतो आणि झोपताना वरच्या भेगेकडे बघत होतो. भेगेवर तारीख घालून पेन्सिलीने खूण करायची सवय घराघरात लागली होती.

शेवटी मीटिंगमध्ये ठरलं, की कुठे काही सरकल्याची नुसती शंका आली तरी सगळ्यांनी गल्लीत उतरायचं. पण कळवायचं कसं? मागांच्या आवाजात हाक पोचत नाही, फोन करत बसायला वेळ नाही. सेक्रेटरी म्हणाले, बाजारात तयार हॉर्न मिळतो, घेऊन येऊ. मी म्हणालो, आणू नका, मी बनवतो.

मी आयुष्यभर लूमचा फिटर होतो. तरुणपणी आमच्या उस्तादांबरोबर गावातला एक जुना भोंगा दुरुस्त करायला गेलो होतो. बाहेर लोखंडी पिंप, त्याला उभ्या खिडक्या. आत तशाच खिडक्यांचं चाक. चाक फिरलं की खिडकीसमोर खिडकी येते आणि हवा सुटते, भिंत येते आणि हवा अडते, आणि या सुटण्या-अडण्याचाच आवाज होतो. बसलेल्या म्हशीने मान वर करावी तसा तो खालून सुरू व्हायचा आणि चढत जायचा. तसाच भोंगा आपल्या हाताने करायचा, हे माझ्या मनात कधीपासून होतं. बिल्डिंगची भीती मला निमित्त म्हणून मिळाली, हे पहिलं कबूल करतो.

लोखंडी पिंप आणि लूमची मोटर वापरायची सोय नव्हती. तेवढं वजन, तेवढी थरथर त्या गच्चीवर चढवायला माझाच जीव धजेना. म्हणून ॲल्युमिनियमची दोन पातेली घेतली, एकात एक जाणारी. खिडक्या आखल्या, ड्रिलने भोकं पाडली, छिन्नीने कापल्या, कानशीने घासल्या. दोन पातेल्यांमध्ये पोस्टकार्डाच्या जाडीइतकी फट ठेवली. मोटर लावली ती लहान, हलकी, पण फार वेगाने फिरणारी. मोटर वेगवान आणि खिडक्याही मी हौसेने जास्त पाडलेल्या, त्यामुळे आवाज जाडा न येता बारीक येणार, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

भोंगा जिन्याच्या वर, गच्चीच्या पत्र्याखाली बसवला. बटण तळमजल्याच्या पॅसेजमध्ये, अंगणातून हात पोचेल असं. चाचणीच्या दिवशी सगळ्यांना आपापल्या दारात उभं केलं आणि मी अंगणात उभं राहून, वर नजर ठेवून बटण दाबलं. पत्र्यावरची कबुतरं एकदम उडाली. तळमजल्यावरच्या भाभीने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि म्हणाली, "बस करो चाचा, कान फट गया." मला स्वतःला काय ऐकू आलं? लांबच्या कुठल्या घरात कुकरची शिट्टी अर्धवट वाजावी, तेवढं. चाळीस वर्षं मागांमध्ये काढलेल्या कानांना बारीक आवाज पोचत नाही. घरात हे मी कोणाला कळू दिलं नव्हतं. मुलगा कानाला मशीन लावा म्हणायचा, मी म्हणायचो, तूच जरा मोठ्याने बोलत जा.

तिसऱ्या मजल्याच्या टोकाच्या खोलीत दादा राहायचे. माझ्याच कारखान्यात त्यांनी मागावर जन्म काढला होता. गाव तालुक्यातच, आत, पूर्णा-मानकोलीच्या गोडाऊनांपासून लांब. वहिनी गेल्या होत्या, मुलगा-सून गावी. हे एकटे इथे जागा राखायला. शेजारची बाई मानकोलीला गोडाऊनमध्ये ड्युटीला, म्हणजे दिवसभर त्या टोकाला दादांखेरीज कोणी नसायचं. त्यांचे कान माझ्याहून गेलेले असणार, हे सांगायला डॉक्टर नको.

आता चूक सांगतो. मागांच्या आवाजात आम्ही तोंडाने बोलतच नसू, हाताने बोलायचो. धागा तुटला, सुताची कांडी संपली, शेठ आला, पाणी, चहा, बंद कर, चालू कर, सगळ्याला खुणा. ती सवय हातातून जात नाही. बटण दाबताना माझा दुसरा हात आपोआप वर गेला आणि बोट गोल फिरलं. चालू केलं. वर गॅलरीत दादा मला बघत होते. त्यांनी लगेच मूठ वर केली. ठीक. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, नारळ फुटला. दादा खाली आल्यावर म्हणाले, "मिस्त्री, एक नंबर हाय." त्यांनी आवाजाला नाही, माझ्या बोटाला उत्तर दिलं होतं.

हे माझ्या मनात त्याच दिवशी आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, परत तपासतोय, कोणी उतरू नका, असं बाकीच्या घरांत कळवून मी भाभीला सांगितलं, मी वर पोचलेला दिसलो की थोडा वेळ बटण दाब. वर गेलो. दादा दाराकडे पाठ करून वालाच्या शेंगा सोलत बसले होते. मी उंबऱ्याशी उभा राहिलो. भोंगा वाजला हे मला कळलं, कारण गॅलरीच्या कठड्यावर ठेवलेल्या माझ्या हाताला त्याची थरथर लागली आणि पत्र्यावरून कबुतरं उडाली. दादांची मान हलली नाही. एक शेंग सोलली, दाणे ताटात टाकले, दुसरी उचलली. मी तसाच मागे फिरलो. खांद्यावर हात ठेवून सांगायला चार पावलं लागली असती.

उपाय मला माहीत होता. आतलं चाक नवं करायचं, खिडक्या कमी, आणि मोटरचा वेग पट्ट्याने उतरवायचा. आठवड्याचं काम. पण त्यासाठी मीटिंगमध्ये उभं राहून म्हणावं लागलं असतं, की दादांना ऐकू जात नाही. कोणी विचारलं असतं, तुम्हाला जातं का? नारळ फुटला होता, सेक्रेटरी येता-जाता पाठ थोपटत होते. आज सांगू, उद्या सांगू करत मी स्वतःला अशा जागी नेऊन ठेवलं, की बाहेर यायचा एकच रस्ता होता आणि त्यावरही मीच उभा होतो.

पुढे काही आठवड्यांनी, दुपारी, पॅसेजमधल्या खांबाचं प्लास्टर सुटून आतल्या सळया वाकलेल्या दिसल्या. भाभीने बटण दाबलं. मी जेवून आडवा झालो होतो. मला माझा भोंगा ऐकू आला नाही. माझ्या सुनेने हात धरून ओढलं तेव्हा मी उठलो.

गल्लीत सगळे जमले. सेक्रेटरींनी घराघरांची माणसं मोजली. दादा नव्हते. कोणी तरी म्हणालं, "ऐकूनसुद्धा हलायचे नाहीत ते. जागा सोडायची नाही ना." दुसरा म्हणाला, येतील, म्हाताऱ्या पायांना वेळ लागतो. जिना अजून उभा होता. एखादा तरुण धावत वर जाऊन येऊ शकला असता. मला फक्त एवढंच बोलायचं होतं, की त्यांना ऐकू गेलेलं नाही. तोंड उघडलं आणि शब्द आला तो, "येतील." तोच शब्द, आता माझ्या तोंडून.

मग जिना बसला, आणि त्याच्याबरोबर गॅलरीचा तुकडा. पायाखाली हादरा लागल्यावर दादा बाहेर आले असावेत. ते मधल्या मजल्याशी तुळईखाली अडकले. अग्निशमन दलाची माणसं आली, पण ढिगारा घाईने उचलता येत नव्हता. संध्याकाळपर्यंत ते तसेच होते. एका फटीतून त्यांचा हात बाहेर दिसत होता, कोपरापर्यंत. तो हलायला लागला तशी माणसं म्हणाली, जिवंत आहेत, बोलावतायत. ते बोलावत नव्हते. अंगठा तोंडाकडे वाकवल्यासारखा करून दोनदा झटकत होते. मी म्हणालो, "पाणी मागतायत." नळी आत सरकवून त्यांना पाणी दिलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले, की यांना कसं कळलं. त्या दिवसापासून मी अजूनच मोठा झालो.

दादा वाचले. एक पाय गुडघ्याखाली काढावा लागला. हॉस्पिटलात जो येईल त्याला ते सांगायचे, "डोळा लागला व्हता." ऐकू आलं नाही, हे त्यांनीही कधी तोंडातून काढलं नाही. मी लपवत होतो तेच तेही लपवत होते, आणि त्यांच्या लपवण्याआड मला लपायला जागा मिळाली.

आम्ही कशेळीच्या बाजूला भाड्याच्या खोलीत आलो. सहा महिन्यांनी मी धीर करून त्यांच्या गावी गेलो. ते ओटीवर खाटेवर बसलेले. सून, नातवंडं, आजूबाजूच्या बायका, मुंबईचा पाहुणा आल्यासारखी सगळी जमली. दादांनी सगळ्यांना सांगितलं, "याच्या भोंग्यानं अख्खी बिल्डिंग वाचली. मीच झोपून ऱ्हायलो." मग मला म्हणाले, "बस ना, मिस्त्री. उभा का?"

मी बसलो आणि हळू आवाजात सुरू केलं. त्यांनी कानामागे हात नेला आणि हसून मान हलवली, म्हणजे काहीच पोचलं नव्हतं. ओरडून सांगितलं असतं तर ओटीवरच्या प्रत्येकाने ऐकलं असतं. मग मी हात वर केला. धागा तुटला, शेठ आला, बंद कर, चालू कर, सगळ्या खुणा बोटांत होत्या. चुकलो म्हणायची खूण आम्ही कधी केलीच नव्हती. मागांवर तिची कोणाला गरज पडली नव्हती. माझा हात तसाच हवेत राहिला. दादांनी तो बघितला, अंगठा-बोट जुळवून कपाची खूण केली. चहा? मी मान हलवली. सुनेने चहा आणला. पिऊन निघालो.

पुन्हा जाईन म्हणत राहिलो. त्यांच्या बाराव्याला गेलो.

ढिगाऱ्यातून मिळालेलं आतलं पातेलं माझ्याकडे आहे, खाटेखाली. त्या दिवशी ओटीवर ओरडून सांगायचं होतं ते एवढंच: दादा, भोंगा तुम्हाला ऐकू जात नाही हे मला माहीत होतं. तुम्ही शेंगा सोलत होतात आणि मी दारात उभा होतो. खाली गल्लीत सगळे तुमच्याबद्दल बोलत होते तेव्हाही मी सांगितलं नाही. तुम्ही झोपला नव्हतात. चूक माझी होती, दादा, मला माफ करा.