तिरक्या बांधाची थरथर

माझ्या तीन वर्षांच्या संशोधनाचं काय होणार, ते त्या सोमवारी ठरणार होतं. मार्गदर्शक सरांनी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, "सोमवारपर्यंत सीमा हलली नाही, तर विषय बदला." मी लॅपटॉप घेऊन राजपुऱ्यातल्या घरी आले होते आणि दिसेल त्याच्यावर चिडत होते.

विषय सांगायला सोपा आहे. संगणकात चौकटी मांडायच्या, प्रत्येकीत एक इवलासा चुंबक, त्याला आपल्या चार शेजाऱ्यांसारखंच तोंड करायचं असतं. एका बाजूचे सगळे वर तोंड करून, दुसऱ्या बाजूचे खाली. मधली सीमा बघायची. उष्णता पार काढून घेतली तरी क्वांटम नियम या चुंबकांना स्वस्थ बसू देत नाहीत, म्हणून सीमा थरथरायला हवी. माझी मात्र ढिम्म.

रविवारी सकाळी बाबांनी मला बळंबळंच जैनाबादच्या शेतात नेलं. तिथे आमची आणि काकांची केळी लागून आहेत. केळी दोरी धरून सरळ ओळीत लावतात, पण मधला बांध तिरका जातो. त्यामुळे कडेला पायऱ्या पडतात, आणि कोपऱ्यातल्या एका झाडावरून दोघे भाऊ दरवर्षी भांडतात.

"खरं तर झाड कोणाचं?" मी विचारलं.

"दोन बाजूला आपली झाडं, दोन बाजूला त्याची," बाबा म्हणाले. "कोनाचं बी म्हन, काही फरकच नाही पडत. म्हनून तं झगडा हाय."

मी त्या झाडाच्या चारी बाजू पुन्हा मोजल्या. केळीवाल्याची पोर मी, संगणकातली सीमाही दोरी धरल्यासारखी सरळच आखली होती. सरळ सीमेवरच्या चुंबकाला उलटायचं तर तीन शेजाऱ्यांशी वैर घ्यावं लागतं. कोपऱ्यातल्याला दोन इकडचे, दोन तिकडचे. तो फुकटात उलटतो.

घरी येऊन जेवायच्या आधी सीमा तिरकी मांडली. एक कोपरा उलटला, त्याने शेजारी नवा कोपरा केला, तोही उलटला, आणि बघता बघता सगळी सीमा थरथरू लागली. आईला हाताला धरून आणलं, खुर्चीत बसवून दाखवलं. इतका आनंद मला पहिल्या नंबरानेही झाला नव्हता.

सरांना लगेच फोन केला. कसं सुचलं, त्यांनी विचारलं. मी केळीचं झाड सांगितलं. त्यांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

"विषय बदलायचा नाही," मग म्हणाले. "ती सरळ रेषा तीन वर्षं मीच तपासत होतो. मला नाही दिसलं."