बाजूला पाहणारे दुर्बीणकाका

समस्त एकोडीकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की आपल्या बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवरून कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेला उजेड दिसतो. मात्र ज्यांना तो पाहायचा असेल, त्यांनी त्याच्याकडे पाहू नये!

ही दवंडी मी दिली तेव्हा दुर्बीणकाका पोट धरून हसले होते. नियम त्यांचाच. जवाहरनगरच्या कारखान्यात लेथवर आयुष्य काढून ते गावी परतले आणि स्वतः आरसा घासून दुर्बीण केली. आम्ही डोळा लावून ओरडायचो, "काका, काहीच नाही!" ते म्हणायचे, "सरळ कायले पाहतो? बाजूले पाह, मंग दिसते." आणि खरंच, नजर जरा तिरकी केली की तांदळाच्या कणीएवढा फिकट ठिपका उमटायचा.

ती त्यांची लाडकी दीर्घिका. कन्या राशीत दीर्घिकांचा मोठा घोळका आहे, त्यातली ही भिंगासारखी, मध्ये फुगीर. "बाकीच्याइसारखे नखरेल वळणदार हात नाही हिले. गर्दीत हिचा वायू हिरावला, आता नवे तारे होत नाही. पण जुन्या ताऱ्याइवरच संसार चालू हाये," म्हणत ते काकूंकडे पाहून डोळा मिचकावत.

मग त्यांच्या दोन्ही डोळ्यांची मधली नजर गेली. कडेचे दिसेल, मधले परत येणार नाही, असे नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितले. काकांनी मान वर करणेच सोडले. "ज्याच्याकडं पाहतो त्याचं तोंडच पुसलं जाते," म्हणाले. दुर्बीण पोत्यात गुंडाळली गेली.

"सहा महिने झाले, यायनं माह्याकडं पाहलं नाही," काकू मला म्हणाल्या. "जित्तेपणीच फोटो झाली मी."

गावाला हसवणाऱ्या मला सुचली ती एक थाप. उन्हाळ्यातल्या एका रात्री, जेवणे आटोपल्यावर, दुर्बीण पाळीवर लावून मी काकांच्या दारात गेलो. "काका, तुमची लाडकी विझली."

"विझली? अशी कशी विझन बे?"

काकूंच्या खांद्याला धरून तरातरा आले. डोळा लावला. "नाही वो," ते पुटपुटले, "गेली." मला माझ्या थापेची लाज वाटली.

पण सवय जुनी. डोळा आपोआप बाजूला सरकला.

"हाये! तिथंच हाये! बाजूले पाहलं आन् दिसली!"

काकूंनी आजवर त्या नळकांड्यात कधी डोकावले नव्हते. त्या एकदम ओरडल्या, "अजी, मंग माह्याकडं बी तसंच तिरपं पाहा ना!"