भोवत्यांचा नवा मुक्काम

फलटणची महेजबीन मणेर स्कूटीवर बांगड्यांचे खोके बांधून गावोगाव फिरते. काही वर्षांपूर्वी एका सांजेला माळावर तिची स्कूटी पंक्चर झाली, तेव्हा तिथं दुर्बीण घेऊन बसलेले निवृत्त सुभेदार केरबा तिला भेटले. ते भोवत्या मोजत होते. हे सडपातळ शिकारी पक्षी पावसाळा सरता सरता लांब उत्तरेकडून येतात. दिवसभर टोळ, उंदीर टिपतात आणि सूर्य बुडताना सगळे मिळून माळाच्या गवतात उतरतात. मोजायचे तेव्हाच. त्या दिवशी महेजबीननंही मोजले, सवयीनं डझनावर. पुढं दर हंगामाची मोजणी दोघांचीच झाली.

यंदा मात्र तो माळ कुणी तरी नांगरून टाकला होता. पक्षी आले, ढेकळांवर घिरट्या घातल्या आणि पूर्वेकडं निघून गेले. दुसऱ्या सांजेला एकही फिरकला नाही.

"आटपलं," केरबा म्हणाले. "साताऱ्याच्या पक्षीमित्र मंडळींना कळवतो, हितली मोजणी बंद."

"आवं सुभेदार, हितं न्हाईत म्हंजी कुटंच न्हाईत, असं कसं? जरा थांबा. मी हुडकते."

"एवढा मुलूख हाय. कुटं हुडकणार तू?"

"बायकांना इचारते की."

घरी तिचा नवरा पीरमहंमद वैतागला. "बांगड्या इकाय जातीस का घारी बघाय?"

"दोन्हीला," असं म्हणून तिनं पूर्वेकडच्या वाड्यांचा फेरा धरला. बांगडी चढवता चढवता ती प्रत्येकीला विचारी. कुणी हसलं, कुणी गिधाडं समजून तोंड वाकडं केलं. एका वाडीत तर भवानीसुद्धा झाली नाही आणि परतताना स्कूटी खड्ड्यात आपटून हिरव्या बांगड्यांचा अख्खा खोका फुटला. काचा वेचताना तिला रडू फुटलं. सकाळी उठून ती पुढच्या वाडीला गेलीच.

तिथं चंद्राबाई नावाच्या मेंढपाळ बाईनं हात पुढं करत म्हटलं, "त्या व्हय? आमच्या टेकामागं सांजच्याला लय उतरत्यात. पर आता गवत कापायचं हाय. मेंढरांना पायजे."

महेजबीनचा हात थांबला. "काकू, उद्याचा दिस कापू नका. सांजच्याला माझ्यासंगं बसा, मग काय ते ठरवा."

दुसऱ्या दिवशी केरबा एसटीनं आले. तिघं बांधाआड बसली. ऊन पिवळं झालं, तसा एक करडा नर गवताला घासून गेला. मागून दोन, मग पाच, मग चहूकडून. महेजबीनचे ओठ हलत होते. अंधारून आलं तेव्हा ती म्हणाली, "छप्पन्न."

केरबांचा आकडा चोपन्न होता. "तुझाच लिहितो," ते म्हणाले.

"न्हाई. उद्या परत मोजू."

चंद्राबाई अजून गवताकडंच बघत होती. "आगं, ही तर भुईवरच निजत्यात!" ती पुटपुटली. मग पदर झटकून उठली. "वड्याकडनं कापाय लावते. टेकामागचं राहू दे, ती जाईस्तवर."